वाघाची नोंद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कोळशाची खाण आणि जंगलातली जनावरे ह्या विषयावर मी बोलणार असे कळवले, तेव्हा आपल्या कार्यवाहबाई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, ‘अहो, आपल्या नाशकात कोळशाची खाण नाही आणि वाघही नाही. बायकांना त्यात काय वाटायचे?’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हे. वाघ नाही. बिबट्या मात्र आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत तो गंगापूर रस्त्याच्या बाजूच्या वस्तीत शिरला तेव्हा आपल्यापैकी कितीजणींनी दारे लावून घेतली होती, ते आपणांस ठाऊकच आहे. आणि कोळशाची खाण नसली तरी कोळसा आहे. नाशिकरोडच्या पुढे एकलहऱ्याची धुराडी कोणी पाहिली नाहीत? १९७० पासून तिथे वीज तयार होते. जुने दोन संच आता बंद झाले, पण २१० मेगावॉटचे तीन उभे आहेत. त्यांच्या पोटात जाणारा कोळसा वाघिणींनी येतो. आपण रेल्वेच्या मालडब्याला वाघीण म्हणतो ही भाषेची थट्टाच म्हणायची! त्यातला बराचसा कोळसा विदर्भातल्या खाणींमधून येत आलेला आहे. म्हणजे एका वाघिणीच्या घरातून निघालेला कोळसा दुसऱ्या वाघिणीत बसून आपल्याकडे येतो, आणि आपण बटण दाबतो.

तेव्हा विषय परका नाही. तरीही मी आज विजेच्या काटकसरीवर बोलणार नाही. ते आपण एकमेकींना नेहमी सांगतोच, आणि सांगून झाल्यावर पंखा चालूच ठेवतो. मला सांगावयाचे आहे ते निराळे. खाण खणली जाण्याच्या कितीतरी आधी, कागदावर, जनावराचे काय होते ते मला सांगावयाचे आहे. त्या कागदात आपल्यासारख्या बायकांना कुठे शिरता येते, हेही त्यात आलेच.

माझी थोरली बहीण चंद्रपूरकडे दिलेली आहे. तिच्यामुळे त्या भागात माझे जाणे-येणे पुष्कळ झाले. चंद्रपूर जिल्हा म्हणजे खाली कोळसा आणि वर जंगल. वर्धा नदीच्या खोऱ्यातला हा कोळसा इंग्रजांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकात वरोऱ्याला खाण सुरू झाली तेव्हापासून निघतो आहे. १९७० नंतरच्या दशकात खाणी सरकारच्या ताब्यात आल्या आणि नागपूरची वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनी १९७५ साली सुरू झाली. त्याच जिल्ह्यात ताडोबा आहे. तळ्याच्या काठी तारू ह्या गोंडांच्या वीरपुरुषाचे ठाणे आहे. वाघाशी झुंज घेताना तो पडला अशी कथा सांगतात, आणि त्याच्याच नावावरून ताडोबा. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे अंधारीचे अभयारण्य १९८६ साली झाले, आणि दोन्ही मिळून १९९५ च्या सुमारास व्याघ्र प्रकल्प झाला. आतला भाग सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. त्याच्या भोवतीचा अकराशे चौरस किलोमीटरचा पट्टा २०१० साली संरक्षित म्हणून जाहीर झाला.

हे २०१० साल लक्षात ठेवा. त्याच्या आधी ह्या भोवतालच्या वनात वाघ नव्हता असे नाही. वाघ होता, त्याची पिल्ले होती, त्याची वाट होती. फक्त कागदावर त्या वनाला ‘वाघाचे’ असे नाव नव्हते. आणि खाणीचा अर्ज करणारा माणूस कागद पाहतो.

चंद्रपूर शहराला लागून, मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहारा म्हणून गाव आहे. ह्या लोहाऱ्याच्या जंगलाखालचा कोळसा २००७ साली अदानी समूहाच्या वीज कंपनीला देण्यात आला. गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला त्यांचे मोठे वीजकेंद्र व्हावयाचे होते, त्यासाठी. दीड हजार हेक्टरांहून अधिक वन त्यात जाणार होते. हे वन म्हणजे ताडोबातून बाहेर पडणाऱ्या वाघांच्या येण्याजाण्याची जागा. चंद्रपूरकरांना ते ठाऊक होते, कारण तिकडच्या माणसाला वाघाची वाट कळण्यास अहवाल लागत नाही. शहरातल्या संस्था उठल्या. इको-प्रो संस्थेचे बंडू धोत्रे ह्या तरुणाने २००९ साली १४ दिवस उपोषण केले. सर्व पक्षांचे लोक, डॉक्टर, शिक्षक, दुकानदार, सगळे त्यात उतरले. शेवटी जयराम रमेश केंद्रात पर्यावरणमंत्री असताना, २००९-१० च्या हिवाळ्यात, दिल्लीने त्या खाणीला दिलेली कार्यकक्षाच काढून घेतली.

कार्यकक्षा म्हणजे काय, हा प्रश्न मलाही पडला होता. सांगते. खाणवाल्याने अर्ज केला की सरकारची तज्ज्ञसमिती प्रथम त्याला सांगते की तू अमुक अमुक गोष्टींचा अभ्यास करून आण. पाण्याचा, हवेचा, झाडांचा, जनावरांचा. ह्या यादीला कार्यकक्षा म्हणतात. अजून परवानगी नाही, अजून खणणे नाही, अभ्यासाची नुसती आखणी. लोहाऱ्याची खाण ह्या पहिल्याच पायरीवर अडली. पुढच्या पायऱ्यांवर अडवणे किती कठीण असते हे मी नंतर पाहिले, म्हणून चंद्रपूरकरांच्या घाईचे मला फार कौतुक वाटते. आपल्याकडे घाईला नावे ठेवतात. इथे घाईनेच काम केले.

आणि तिरोड्याचे वीजकेंद्र? ते उभे राहिलेच. ३३०० मेगावॉटचे आहे. कोळसा दुसरीकडून आणला. ही गोष्ट मी दोन्ही बाजूंनी सांगते. एक, ‘हे जंगल खणले नाही तर दिवे जातील’ असे जे सांगण्यात येत होते ते तितकेसे खरे ठरले नाही. आणि दुसरी, जो कोळसा लोहाऱ्यातून आला नाही तो कुठल्यातरी जमिनीतून आलाच. त्या जमिनीवर कोण राहत होते, तिकडे कोणी उपोषण केले का, हे मला सांगता येणार नाही.

दुसरी हकीकत अलीकडची. २०२० च्या जून महिन्यात, आपण सगळ्या टाळेबंदीत घरात बसलो होतो तेव्हा, केंद्र सरकारने ४१ कोळसा-पट्टे लिलावाला काढले. त्यात चंद्रपूर जिल्ह्यातला बांदर हा पट्टा होता. ताडोबाच्या वरच्या अंगाला, चिमूरकडे. राज्याचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे ह्यांनी केंद्रातले मंत्री प्रकाश जावडेकर ह्यांना पत्र लिहिले आणि पुढे काही आठवड्यांतच तो पट्टा यादीतून वगळण्यात आला. इथे तर कार्यकक्षेच्याही आधी काम झाले. अर्जदारच पुढे आला नव्हता, तोवर दार लागले.

ह्या दोन हकीकती ऐकून आपणांस वाटेल की मग ठीकच चालले आहे. तसे नाही. त्या दोन्ही खाणी नव्या होत्या, ताडोबाचे नाव जवळ होते, आणि वाघाच्या नावाने गर्दी जमते. जी खाण आधीच आहे आणि दरवर्षी थोडीथोडी वाढते, तिचे काय? तिच्यासाठी उपोषण कोण करील?

चंद्रपूरला लागून दुर्गापूर म्हणून वस्ती आहे. एका बाजूला कोळशाची उघडी खाण, दुसऱ्या बाजूला एक फार मोठे औष्णिक वीजकेंद्र, मधे माणसांची घरे. उघडी खाण म्हणजे विहिरीसारखी नव्हे. वरची सगळी माती आणि दगड काढून बाजूला टाकायचे, की खाली कोळशाचा थर लागतो. त्या काढलेल्या मातीचे डोंगर होतात. मी प्रथम पाहिले तेव्हा मला ते खरेच डोंगर वाटले होते. त्यांच्यावर काही वर्षांत वेडी बाभूळ माजते, आत रानडुकरे शिरतात, डुकरांमागे बिबट्या येतो आणि वाघही येतो. म्हणजे ज्या जनावराचे वन काढून घेतले ते खाणीच्या केरकचऱ्यावर बिऱ्हाड करते, आणि त्या बिऱ्हाडाच्या शेजारी माणसांची चाळ असते.

२०२२ च्या फेब्रुवारीत तिथे लागोपाठच्या दिवसांत वीजकेंद्रातला एक कामगार वाघाने मारला आणि सोळा वर्षांचा एक मुलगा बिबट्याने नेला. त्याच वर्षी मे महिन्यात दुर्गापुरातच एका लहान मुलीला बिबट्याने अंगणातून धरले. तिची आई काठी घेऊन धावली. तिने त्याला इतके हाणले की त्याने मुलीला टाकले. ह्या बाईचे नाव वर्तमानपत्रात आले होते. मी ते इथे घेत नाही, तिला तिचे घर सांभाळू द्यावे. पण मला आपणांस विचारावयाचे आहे की ह्या बाईचा वैरी कोण? बिबट्या? वनखाते? ती खाण, जिच्यात तिच्या गल्लीतली माणसे कामाला जातात? की मी, जी नाशकात बसून त्या कोळशावर भाकरीचे पीठ दळून आणते?

‘बायांनो, तुम्हाला वाघाचे पडले आहे, माणसांचे नाही’ असे म्हणणारे भेटतात. त्यांना मी हेच सांगते. मोहफुले वेचावयास आणि तेंदूपाने तोडावयास जंगलात जाते ती बाईच. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीने मारल्या. राज्यात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते, २०२२ च्या गणनेत ४४४ झाले. वाघ वाढले, ही चांगली गोष्ट. पण वाघ वाढत असताना त्यांच्या वाटा आपण खणून टाकल्या, तर ते जातील कुठे? वन जितके तुटके, तितके माणूस आणि जनावर एकमेकांच्या अंगावर येणार. ह्यात वाघाची बाजू आणि बाईची बाजू अशा दोन बाजू मला तरी दिसत नाहीत.

आता त्या कागदाकडे येते. कार्यकक्षा मिळाली की खाणवाला एखाद्या सल्लागार संस्थेकडून अहवाल करवून घेतो. पैसे खाणवाल्याचे, हे ध्यानात ठेवावे. खाणीची जागा आणि तिच्याभोवती दहा किलोमीटरपर्यंतचा प्रदेश त्यात पाहावयाचा असतो. हे पाहणे पावसाळा सोडून कोणत्याही एका ऋतूत केले तरी चालते. एका ऋतूत! आपल्या नांदूरमध्यमेश्वरचेच पाहा. २०२० साली ते महाराष्ट्रातले पहिले रामसर पाणथळ ठरले. हिवाळ्यात तिथे परदेशी बदके, करकोचे ह्यांची जत्रा असते. पण एखाद्या माणसाने मे महिन्यात तिथे जाऊन मोजदाद केली आणि ‘परदेशी पाहुणे आढळले नाहीत’ असे लिहिले, तर तो खोटे बोलला असे म्हणता येईल काय? म्हणता येणार नाही. त्याने पाहिले तेच लिहिले. नेमक्या अशाच खऱ्या बोलण्याने पुष्कळ जंगले रिकामी ठरतात.

वाघ, बिबट्या, अस्वल ही जनावरे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांतले एखादे जरी अहवालाच्या यादीत आले, तर त्याच्यासाठी निराळी संवर्धन योजना करावी लागते, पैसे बाजूला ठेवावे लागतात, वनखात्याचे मत घ्यावे लागते. वाघांच्या दोन वनांमधली जोडवाट असेल तर राष्ट्रीय व्याघ्र प्राधिकरणाकडेही जावे लागते. यादीत नाव नसेल तर ह्यातले काही नाही. म्हणून मी मघाशी म्हटले, जनावर कागदावर आधी मरते.

आणि नाव आले म्हणजे सुटले असेही नाही. ह्या संवर्धन योजना मी दोन-तीन वाचल्या. चार पाणवठे, एक कुंपण, गावात फलक, कर्मचाऱ्यांना शिबिर. चांगल्या गोष्टी आहेत, पण नाला वळवला तर नाल्याकाठची जनावराची वाट पाणवठ्याने परत येत नाही. खाणीचे पाणी उपसले की आसपासच्या विहिरी खाली जातात, मग चार पाणवठ्यांत पाणी टाकणार कुठून? तोडलेल्या वनाच्या बदली दुसरीकडे झाडे लावतात. दुसरीकडे म्हणजे कधीकधी दुसऱ्याच जिल्ह्यात! अस्वलाला तिथला पत्ता कोण देणार?

असो. ह्या सगळ्यात एक दिवस मात्र आपला असतो. त्याला जनसुनावणी म्हणतात. २००६ च्या नियमांप्रमाणे ती खाणीच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अपर अधिकारी अध्यक्ष असतात. निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते, त्यांपैकी एक पत्र स्थानिक भाषेतले असले पाहिजे. ही नोटीस आतल्या पानावर बारीक टाइपात असते. आपण ज्या कागदावर मेथी निवडतो, त्यावर ती पुष्कळदा असते. अहवालाची प्रत जिल्हाधिकारी कचेरीत, जिल्हा परिषदेत, ग्रामपंचायतीत ठेवलेली असते आणि त्याचा सारांश मराठीत मिळालाच पाहिजे. सुनावणी झाली की जे बोलले गेले त्याचा गोषवारा तिथल्या तिथे, लोकांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. हे शेवटचे कलम फार मोलाचे आहे, आणि नेमके तेव्हाच मंडप रिकामा झालेला असतो.

माझ्या बहिणीबरोबर मी अशा एका सुनावणीला गेले होते. खाणीचे नाव आणि गाव सांगत नाही, प्रकरण अजून चालू आहे. मोठा मंडप, पुढे सोफे, कूलर, पोलीस. पुरुष भराभर बोलत होते. ‘आमच्या पोरांना नोकऱ्या द्या, मग खाण येऊ द्या’ असे म्हणणारे पुष्कळ होते आणि त्यांना मी दोष देत नाही. शेतीने ज्याला टाकले त्याने काय करावे? बायका मागे सतरंजीवर. अहवालाचा मराठी सारांश ताईने आदल्या दिवशी ग्रामपंचायतीतून आणून त्यांना वाचून दाखवला होता. त्यात जनावरांच्या यादीत ससा होता, मुंगूस होते, माकड होते, रानडुक्कर होते. वाघ नव्हता. अस्वलही नव्हते.

तेव्हा मागून एक बाई उठली. साठीच्या पुढची, डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही. तिची झाडीबोली मला बोलता येत नाही म्हणून माझ्याच भाषेत सांगते. ती म्हणाली, ‘साहेब, तुमच्या कागदात अस्वल नाही. चैतात मी पहाटे मोहाखाली जाते, तर अस्वल माझ्या आधी येऊन बसलेले असते. त्याचे खाऊन होईतो मी बांधावर उभी राहते. हे मी लग्न होऊन आल्यापासून पाहते आहे. तुमचा माणूस कोणत्या महिन्यात आला होता?’

मंडपात हशा झाला, पण हशा संपल्यावरही ती उभीच होती. व्यासपीठावरून सल्लागाराने सांगितले की पाहणी हिवाळ्यात झाली. हिवाळ्यात मोह फुलत नाही हे तिथे पोरासोरांना ठाऊक होते. मग दुसरी बाई उठली. तिने नाल्याचे नाव घेऊन सांगितले की वाघिणीचा माग तिथे दर पावसाळ्याअखेर उमटतो आणि मागच्या वर्षी तिची गाय त्याच नाल्यात मेली, वनखात्याने तिला भरपाईही दिली. भरपाईची पावती तिच्या कमरेच्या पिशवीत होती! ती पावती अध्यक्षांच्या हातात गेली तेव्हा माझ्या लक्षात आले की अहवालातल्या शंभर पानांपेक्षा हा चतकोर कागद भारी आहे. एका सरकारी खात्याने वाघाबद्दल पैसे दिले आहेत आणि दुसऱ्याला सांगण्यात येते आहे की वाघ नाही.

सायंकाळ झाली, लोक उठू लागले. ताईने बायकांना दटावून बसवून ठेवले. गोषवारा वाचला गेला. त्यात अस्वल नव्हते. ‘काही महिलांनी वन्यप्राण्यांविषयी चिंता व्यक्त केली’ एवढेच होते. ताई उठून म्हणाली, ‘चिंता कोणी व्यक्त केली नाही. बाईंनी मोहाचे झाड आणि महिना सांगितला, तो लिहावा. पावतीचा क्रमांक लिहावा.’ अध्यक्ष वयाने लहानच होते, पण भले वाटले. त्यांनी लिहून घ्यावयास लावले आणि परत वाचावयास सांगितले. मगच सही केली.

तिथे हजर राहता येत नसेल त्यांनाही लेखी कळवता येते. ज्यांचा काही संबंध पोहोचतो अशा बाहेरच्या माणसांच्या लेखी हरकतीही घ्याव्यात असे नियमात आहे. एकलहऱ्याची वीज वापरणाऱ्यांचा संबंध पोहोचत नाही असे कोण म्हणेल? आणि परवानगी मिळाल्यावरही खाणवाल्याने घातलेल्या अटी पाळल्या की नाही ह्याचा अहवाल वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सुरुवातीला, द्यावयाचा असतो. तो मागून वाचता येतो. परवानग्यांचे कागद आता ‘परिवेश’ ह्या सरकारी संकेतस्थळावर असतात. आपल्या नाती-सुना मोबाइलवर दिवसभर काय पाहतात ते मी विचारत नाही, पण त्यांच्याकडून हेही पाहून घेता येईल.

मात्र हा आपला एक दिवसही नेहमी मिळतो असे समजू नये. २०२२ च्या मे महिन्यात, उन्हाळ्यात कोळशाची ओढाताण झाली तेव्हा, ज्या खाणींना आधी ४० टक्क्यांपर्यंत उत्पादनवाढ मिळाली होती त्यांना आहे त्याच हद्दीत ५० टक्क्यांपर्यंत जाण्याची मुभा नवी जनसुनावणी न घेता देण्यात आली. टंचाईपुरती तात्पुरती सवलत होती, हे मान्य. पण ज्या मे महिन्यात ती निघाली, त्याच मे महिन्यात दुर्गापूरची ती आई काठी घेऊन धावत होती. तिला कोणी विचारले नसते तरी तिच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ होते.

आपल्या मंडळापुढे माझी एक सूचना आहे. भिशीच्या दिवशी आपण जमतोच. त्या दिवशी महिन्याभराची वर्तमानपत्रे रद्दीत घालण्याआधी दोघीजणींनी आतली पाने चाळावीत आणि जनसुनावणीची नोटीस दिसली तर कापून ठेवावी. नाशिक जिल्ह्यातली असेल तर आपणच जाऊ. दगडखाण असेल, कारखाना असेल. आणि माहेर किंवा सासर ज्या जिल्ह्यात असेल तिथली असेल, तर तिकडच्या बायकांना फोन करावा. महिना, झाड, नाला आणि असल्यास पावती, एवढे लिहून ठेवावयास त्यांना सांगावे.

ताईचा परवाच फोन आला होता. त्या खाणीच्या अहवालाची सुधारलेली प्रत निघाली आहे. यादीत अस्वल आले. वाघही आला आहे, पण त्याच्यापुढे ‘कधीमधी येणारा’ असे लिहिले आहे. ताईने चार बायका जमवून गेल्या पाच वर्षांतल्या गुराढोरांच्या भरपाईच्या पावत्या गोळा करावयास घेतल्या आहेत. आतापर्यंत अकरा मिळाल्या. त्यांच्या प्रती जोडून ती दिल्लीच्या समितीला पत्र धाडणार आहे, आणि मसुदा मराठीत नीट व्हावा म्हणून तिने तो मला इकडे पाठवला आहे. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना वेळ असेल त्यांनी थांबावे. मी तो पिशवीतून आणला आहे.